खरखर आतली की बाहेरची?

एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातला जास्त सेन्सिटिव्ह कोणता? उत्तर म्हणून त्याच्यापुढे सहसा दोन स्क्रीनची चित्रे ठेवली जातात. तोच बँड, तेच स्टेशन. एका चित्रात तळाची खरखर उणे १०५ डेसिबलवर, दुसऱ्यात उणे १२० वर. दुसरा रिसीव्हर पंधरा डेसिबलने सरस, असा निकाल लगेच लागतो. पण त्या पंधरा डेसिबलचा रिसीव्हरशी काही संबंध नसेलही. आणि असला, तरी तुमच्या गच्चीवरच्या अँटेनाला, तुम्ही ऐकता त्या बँडवर, त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही अशी शक्यता बरीच मोठी आहे. रिसीव्हर, अँटेना आणि परिसर या तिघांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय संवेदनशीलतेबद्दल काही बोलता येत नाही. हा हिशेब मांडायला फार गणित लागत नाही.

एसडीआरची कल्पना साधी आहे. अँटेनातून आलेला सिग्नल वाढवायचा, गरज असल्यास खालच्या वारंवारतेवर आणायचा आणि एडीसी या रूपांतरकाच्या हाती देऊन त्याचे आकडे करायचे. पुढचे गाळणे, निवडणे, आवाज वेगळा काढणे ही सगळी कामे संगणक करतो. 'सॉफ्टवेअर रेडिओ' हा विचार जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला. हौशी माणसाच्या खिशाला तो परवडू लागला २०१२ मध्ये. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधली रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे तेव्हा सर्वांना कळले. आज हौशी माणसाच्या मेजावर ८ बिटांचा आरटीएल डोंगल, ८ बिटांचाच पण ६ गिगाहर्ट्झपर्यंत पोचणारा हॅकआरएफ, १२ बिटांचा एअरस्पाय, १४ बिटांचा एसडीआरप्ले आणि एचएफ, म्हणजे ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा, बँड थेट गिळणारे १६ बिटांचे रिसीव्हर शेजारी शेजारी बसतात. त्यांची तुलना करायची, तर आधी सर्वांना समान असलेली एक मर्यादा पाहायला हवी.

निसर्गाने आखलेली रेषा

कोणत्याही विद्युतवाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्या हालचालीतून बारीकसा विद्युतदाब निर्माण होतो. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचेही निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या गणितानुसार खोलीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे २९० केल्विनला, एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात उणे १७४ डीबीएम इतकी खरखर असतेच. डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती. दहा डेसिबल म्हणजे दहापट आणि तीन डेसिबल म्हणजे दुप्पट, एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे तोंडी करता येते.

पट्टा रुंदावला की खरखर वाढते. मोर्ससाठी ५०० हर्ट्झचा फिल्टर लावला तर २७ डेसिबलची भर पडते आणि तळ उणे १४७ वर येतो. यात रिसीव्हर स्वतःची खरखर मिळवतो. ती किती, हे सांगणारा आकडा म्हणजे नॉइज फिगर. बेल प्रयोगशाळेतच काम करणाऱ्या हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये त्याची नेमकी व्याख्या मांडली. नॉइज फिगर ६ डेसिबल असेल, तर त्या ५०० हर्ट्झच्या पट्ट्यातला तळ उणे १४१ डीबीएम. पन्नास ओहमवर हा दाब भरतो एका मायक्रोव्होल्टच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा. याच्याइतका सिग्नल आला की तो खरखरीच्या बरोबरीने उभा राहतो. यालाच संवेदनशीलता म्हणायचे.

म्हणजे दोन रिसीव्हरांची तुलना पट्ट्याची रुंदी सांगितल्याशिवाय होऊच शकत नाही. सुरुवातीच्या पंधरा डेसिबलचे गुपितही इथेच आहे. स्क्रीनवरचा आलेख एफएफटी या गणिती क्रियेतून तयार होतो. ती क्रिया पूर्ण बँडचे बारीक कप्पे पाडते आणि प्रत्येक कप्प्यातली शक्ती दाखवते. २.४ मेगाहर्ट्झचे २०४८ कप्पे केले तर एकेक कप्पा सुमारे ११७२ हर्ट्झचा होतो; ६५,५३६ केले तर जेमतेम ३७ हर्ट्झचा. कप्पा बत्तीसपट अरुंद झाला, की त्यात पडणारी खरखरही बत्तीस पटींनी, म्हणजे बरोबर १५ डेसिबलनी कमी होते. कॅरिअरसारखा अरुंद सिग्नल मात्र एकाच कप्प्यात मावतो, त्यामुळे त्याची उंची तीच राहते. चित्र सुंदर दिसते, पण रिसीव्हरमध्ये काहीही बदललेले नसते.

त्यात आणखी एक घोळ असतो. बरीच सॉफ्टवेअर उंची दाखवतात ती एडीसीच्या कमाल मर्यादेच्या तुलनेत, प्रत्यक्ष शक्तीच्या तुलनेत नाही. त्यामुळे गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, दहा डेसिबलने वाढवला की आलेखाचा तळही वर सरकतो आणि 'खरखर वाढली' असे वाटते. पाहायचे असते ते सिग्नल आणि खरखर यांच्यातले अंतर, आणि तेही दोन्हीकडे सारख्याच रुंदीच्या पट्ट्यात.

बाहेरचा गोंगाट

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल जान्स्की २०.५ मेगाहर्ट्झवर दूरच्या संभाषणात येणाऱ्या खरखरीचा माग काढत होते. विजांची खरखर वगळल्यावर उरलेला एक सूर आकाशगंगेच्या मध्याकडून येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. रेडिओ खगोलशास्त्राची ती सुरुवात मानली जाते. रिसीव्हर वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या शोधाचा अर्थ वेगळा आहे: अँटेना जोडला की खरखर बाहेरूनही आत येते. माणसाने त्यात पुढे मनसोक्त भर घातली. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर, विजेच्या तारांवरचे सैल इन्सुलेटर हे सगळे आज छोटे छोटे ट्रान्समीटर आहेत.

या गोंगाटाचे प्रमाण आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीत दिले आहे. तिच्या सूत्रांनुसार निवासी वस्तीत ७ मेगाहर्ट्झवर बाहेरची खरखर उष्णतेच्या रेषेपेक्षा सुमारे ४९ डेसिबल वर असते. १४ मेगाहर्ट्झवर ती ४१ आणि २८ वर ३२ डेसिबल. अगदी शांत ग्रामीण भागात १४ मेगाहर्ट्झवर तीच २१ वर येते. वारंवारता वाढते तशी ती झपाट्याने ओसरते आणि १४४ मेगाहर्ट्झवर निवासी भागात जवळपास १३, तर खेड्यात ७ डेसिबल उरते.

आता दोन रिसीव्हर घेऊ. एकाची नॉइज फिगर ६, दुसऱ्याची १६ डेसिबल. कागदावर पहिला दहापट चांगला. ७ मेगाहर्ट्झवर निवासी वस्तीत दोघांना पूर्ण मापाचा अँटेना जोडला, तर बाहेरची आणि आतली खरखर मिळून होणाऱ्या बेरजेत फरक पडतो ०.००२ डेसिबलचा. तो कोणत्याही कानाला कळणार नाही, बहुतेक उपकरणांनाही नाही. तेच दोन रिसीव्हर खेड्यातल्या १४४ मेगाहर्ट्झच्या अँटेनाला जोडले, तर फरक ७ डेसिबलवर जातो. मग जे स्टेशन पहिल्यावर कष्टाने का होईना वाचता येते, ते दुसऱ्यावर बेपत्ता होते. रिसीव्हर तेच राहिले. बदलली ती फक्त वारंवारता आणि जागा.

इथे एक पुरवणी जोडायला हवी. अँटेना तोकडा असेल, उदाहरणार्थ खिडकीत टांगलेली दोन हात वायर, तर तो सिग्नल आणि गोंगाट दोन्ही कमी देतो. बाहेरची खरखर रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली गेली, की ७ मेगाहर्ट्झवरही नॉइज फिगर महत्त्वाची ठरते. म्हणूनच छोट्या लूप अँटेनाला त्याच्या बुडाशीच ॲम्प्लिफायर लागतो.

सोनाराचा काटा, उसाचा काटा

मग महागड्या रिसीव्हरमध्ये पैसे कशाचे जातात? बरेचसे जातात ते बलाढ्य सिग्नल सोसण्याची ताकद मिळवण्यात. सोनाराच्या काट्यावर गुंजभर सोने तोलता येते, पण त्यावर उसाचा ट्रक चढवता येत नाही; साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रक चढतो, पण त्याला गुंज कळत नाही. रिसीव्हरला मात्र एकाच काट्यावर, एकाच वेळी, दोन्ही तोलायचे असतात.

एडीसीच्या प्रत्येक बिटामागे साधारण ६ डेसिबलचा आवाका मिळतो. त्या हिशेबाने ८ बिटांना सुमारे ५०, १२ बिटांना ७४, १४ बिटांना ८६ आणि १६ बिटांना ९८ डेसिबल. प्रत्यक्षातले आकडे याखाली राहतात, कारण एडीसीची स्वतःची उष्णताजन्य खरखर आणि घड्याळाची थरथर त्यात मिसळते. उलट बाजूने, गणित काही परतही देते. आरटीएल डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने घेतो आणि एडीसीची खरखर त्या सगळ्या रुंदीवर पसरलेली असते. त्यातून २४०० हर्ट्झचा आवाजाचा पट्टा काढला, की हजारातला एक भागच हाती राहतो आणि ३० डेसिबलचा फायदा होतो. म्हणून ८ बिटांचा डोंगल कागदावर वाटतो तेवढा दरिद्री नसतो.

पण हा फायदा एडीसी भरून वाहू लागेपर्यंतच. डोंगलमधल्या आर८२०टी ट्यूनरची नॉइज फिगर उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार ३.५ डेसिबल आहे, आणि हा आकडा खरोखरच चांगला आहे. मात्र ती मिळवायला गेन वर ठेवावा लागतो. पुण्यात ७९२ किलोहर्ट्झवरच्या आकाशवाणी केंद्राच्या परिसरात, किंवा मुंबईत एफएमच्या मनोऱ्यांच्या छायेत गेन वर ठेवला, की एडीसी किंवा त्याआधीचा ॲम्प्लिफायर गुदमरतो. एफएमचे एकच स्टेशन दहा ठिकाणी उगवते आणि दोन स्टेशनांच्या मिश्रणातून तिसरे, अस्तित्वातच नसलेले, स्टेशन दिसू लागते. गेन खाली आणला तर ही भुते जातात, पण नॉइज फिगर घसरते आणि क्षीण सिग्नल एडीसीच्या पहिल्या पायरीखाली बुडतो. सेन्सिटिव्ह रिसीव्हर तुमच्या गावात बहिरा ठरतो तो असा. त्याच पैशात एफएम बँड अडवणारा फिल्टर घेतला, तर साधा डोंगलही पुन्हा ऐकू लागतो.

थेट नमुने घेणाऱ्या एचएफ रिसीव्हरांचे गणित आणखी मजेशीर आहे. त्यांच्यात ट्यूनर नसतो. ३० मेगाहर्ट्झपर्यंतचे अख्खे आकाश एकदम एडीसीवर पडते. एलटीसी२२०८ हा १६ बिटांचा एडीसी अशा अनेक रिसीव्हरांत वापरला जातो. तो सेकंदाला १३ कोटी नमुने घेऊ शकतो, २.२५ व्होल्टच्या मर्यादेत सिग्नल आणि खरखर यांच्यात साधारण ७८ डेसिबलचे अंतर ठेवतो. पन्नास ओहमवर ही मर्यादा अधिक ११ डीबीएम होते. त्यातून ७८ वजा केले की उणे ६७. ही खरखर ६५ मेगाहर्ट्झवर पसरलेली आहे, म्हणून आणखी ७८ वजा, म्हणजे एका हर्ट्झला उणे १४५. उष्णतेच्या रेषेपेक्षा हा तळ २९ डेसिबल वर आहे, म्हणजे नुसत्या एडीसीची नॉइज फिगर २९. ऐकायला भयंकर वाटते. पण निवासी वस्तीत ७ मेगाहर्ट्झवर बाहेरची खरखर ४९ आहे, त्यापुढे हे २९ कुठल्या कुठे लपतात. २८ मेगाहर्ट्झवर मात्र शांत ठिकाणी बाहेरची खरखर १२ वरच असते. तिथे प्रीॲम्प्लिफायर लावल्याशिवाय गत्यंतर नाही. २०१६ च्या आयकॉम आयसी-७३०० सारख्या संचावर प्रीॲम्पचे बटन आणि एडीसी भरून वाहिल्याची सूचना देणारा ओव्हीएफ दिवा दोन्ही असतात, ते याच कारणाने.

या रिसीव्हरांना थोडी खरखर हवीशीही असते. अगदी स्वच्छ, एकट्या सिग्नलवर एडीसीच्या पायऱ्यांमधली असमानता उघडी पडते आणि खोटे सिग्नल तयार होतात. जरासा यादृच्छिक सिग्नल मिसळला, की त्या चुका एका जागी न साचता सगळीकडे विखुरतात. याला डिदर म्हणतात. चांगल्या अँटेनातून येणारा गोंगाट हे काम फुकटात करतो. त्यामुळे प्रयोगशाळेत दोन शुद्ध सूर देऊन काढलेले आकडे थेट नमुन्यांच्या रिसीव्हरला कधी कधी अन्यायकारक ठरतात.

पहिला ॲम्प्लिफायर कुठे बसवायचा

१४४ मेगाहर्ट्झसारख्या व्हीएचएफ बँडवर आणि त्याच्याही वर, जिथे आतली खरखर खरोखर आड येते, तिथे फ्रीस यांचे दुसरे सूत्र कामाला येते. एकामागोमाग जोडलेल्या टप्प्यांत पहिल्याची खरखर पूर्ण मोजली जाते, आणि पुढच्यांची पहिल्याच्या गेनने भागून. छपरावरच्या अँटेनापासून खोलीपर्यंत येताना केबलमध्ये ५ डेसिबल जातात आणि रिसीव्हरची नॉइज फिगर ६ आहे असे धरा. एकूण झाली ११. आता २० डेसिबल गेनचा, १ डेसिबल नॉइज फिगरचा ॲम्प्लिफायर खोलीत, रिसीव्हरच्या तोंडाशी लावला, तर एकूण ६.१ होते. तोच छपरावर, अँटेनाच्या बुडाशी लावला, तर १.४. वस्तू तीच, किंमत तीच. फक्त शिडी चढायची तेवढी.

१०९० मेगाहर्ट्झवर विमानांचे संदेश पकडणारे, १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास रशियाच्या मेटिऑर उपग्रहांची ढगांची चित्रे उतरवून घेणारे, १४२०.४ मेगाहर्ट्झवर हायड्रोजनची रेषा शोधणारे हौशी लोक म्हणूनच ॲम्प्लिफायर वर आणि डोंगल खाली ठेवतात. वर जाणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या आधी किंवा आत फिल्टरही असावा लागतो, नाहीतर तो एफएमलाच शंभरपट मोठे करून खाली पाठवतो.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर नारायणगावजवळच्या खोडदला जावे लागते. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांत कमी खरखरीचे ॲम्प्लिफायर थेट नाभीपाशी बसवलेले आहेत, आणि जागा निवडतानाच रेडिओ गोंगाट कमी असणे हा मोठा निकष होता. साऱ्या अँटेनांचे सिग्नल एकत्र मिळवण्यासाठी २०१० च्या सुमारास तिथे बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर चालणारी सॉफ्टवेअर व्यवस्था उभी राहिली. डोंगल आणि दुर्बीण यांच्यात आकाराचा फरक प्रचंड आहे; क्रम मात्र तोच: आधी शांत जागा, मग पहिला ॲम्प्लिफायर, आणि शेवटी संगणक.

घरी करायची तुलना

दोन रिसीव्हर खरोखर तोलायचे असतील, तर आपोआप गेन बदलणारी सोय दोन्हीकडे बंद करावी, पट्ट्याची रुंदी सारखी ठेवावी आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. चार्जरची आणि यूएसबीची खरखर अनेकदा रिसीव्हरच्या नावावर खपते. डोंगलच्या २८.८ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाच्या पटींवर दिसणारे खुंट त्याचे स्वतःचे असतात, ते मोजणीत धरू नयेत.

मग अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावून खरखरीची पातळी टिपावी आणि नंतर अँटेना जोडून, रिकाम्या वारंवारतेवर, पुन्हा टिपावी. ती १० डेसिबल किंवा जास्त चढली, तर रिसीव्हर तुमच्याकडून अर्धा डेसिबलसुद्धा हिरावून घेत नाही. त्याहून सेन्सिटिव्ह यंत्र त्या बँडवर वाया आहे. तीनच डेसिबल चढली, तर अर्धी खरखर रिसीव्हरची आहे आणि सुधारणेला वाव आहे. मुळीच चढली नाही, तर अँटेना, केबल किंवा गेन यांपैकी काहीतरी कमी पडते आहे.

नॉइज फिगरचा आकडाच हवा असेल, तर मोजमाप केलेला नॉइज सोर्स वापरतात. समजा तो उष्णतेच्या रेषेवर १५ डेसिबलची खरखर देतो. तो बंद असताना आणि चालू असताना रिसीव्हरच्या पातळीत १० डेसिबलचा फरक पडला, तर नॉइज फिगर ५.५ येते. दोन पातळ्यांतला फरकच लागतो. स्क्रीनवरचे आकडे खरे डीबीएम आहेत की नाहीत याची पर्वा करावी लागत नाही. ही मोजणी गेनच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर केली, की रिसीव्हर कुठपर्यंत शांत आहे हेही कळते.

भुते ओळखायची युक्ती त्याहून सोपी. संशयास्पद सिग्नलवर राहून अँटेनाच्या वाटेत १० डेसिबलचा ॲटेन्युएटर घालावा. खरा सिग्नल १० डेसिबलनेच उतरतो. दोन बलाढ्य स्टेशनांच्या भांडणातून तिसऱ्या घाताने जन्मलेला असेल, तर तो ३० च्या आसपास कोसळतो. असा कोसळणारा सिग्नल वारंवार दिसला, तर जास्त बिटांचा रिसीव्हर किंवा चांगला फिल्टर घेण्याचे ते सबळ कारण आहे.

या मोजण्यांनंतर पैसे कुठे घालायचे हे फारसे संदिग्ध राहत नाही. शहरात ३० मेगाहर्ट्झखाली ऐकायचे, तर चांगला आवाका असलेला रिसीव्हर, पुढे फिल्टर आणि घराच्या वायरिंगपासून जमेल तितका लांब नेलेला अँटेना. गोंगाट करणारा एखादा चार्जर शोधून बंद केला, तर कुठल्याही नव्या एसडीआरपेक्षा जास्त फरक पडू शकतो. १०० ते ३०० मेगाहर्ट्झमध्ये आधी एफएमचा फिल्टर, मग ॲम्प्लिफायर. त्याहून वर छपरावरचा कमी खरखरीचा ॲम्प्लिफायर आणि जाड केबल. खाली बसलेला रिसीव्हर तिथे ८ बिटांचा असला तरी बहुतेकांचे काम भागते.